व्हीलचेअरमागून दिसलेलं मँचेस्टर

मँचेस्टरमधल्या कुठल्याही संग्रहालयात शिरले की मी आधी स्वच्छतागृह कुठे आहे ते बघते. मग लिफ्ट. मग बसायला खुर्ची आहे का, आणि असली तर ती भिंतीला लावून ठेवली आहे की चित्रासमोर. एवढं बघून झालं की आत काय मांडलंय तिकडे वळायचं. कारण मी एकटी कधीच नसते. पुढ्यात व्हीलचेअर असते, नाहीतर हाताला धरून चालणारं कुणीतरी असतं, आणि ते कधी दमतील, त्यांना कधी घरी जावंसं वाटेल हे आधी ठरवता येत नाही.

मी केअरर आहे. लोकांच्या घरी जाऊन त्यांना उठवायचं, अंघोळ घालायची, औषधं द्यायची, जेवू घालायचं, रात्री अंथरुणावर नीट निजवायचं. लग्नानंतर परळहून इकडे आले, मुलं शाळेत रुळल्यावर हे काम धरलं आणि त्यात रमले. आमच्या कामाचे तुकडे पाडलेले असतात. सकाळी अर्धा तास, दुपारी पाव तास, रात्री पुन्हा अर्धा. पण काहींना या तुकड्यांखेरीज आठवड्यातून एकदा घराबाहेर नेण्यासाठीही वेळ मंजूर झालेला असतो. त्या वेळात बाजार, बाग, चर्च, कॅफे, कुठेही नेलं तरी चालतं. मी बहुतेक वेळा संग्रहालयात नेते, आणि विचार करून नेते.

पहिलं कारण अगदी साधं. पैसे पडत नाहीत. इथल्या राष्ट्रीय संग्रहालयांचं प्रवेशशुल्क २००१ साली उठलं. मँचेस्टरमधली विद्यापीठाची आणि महापालिकेची मोठी संग्रहालयंही विनाशुल्क आहेत. धडधाकट माणसाला याचं महत्त्व चटकन कळणार नाही. तिकीट काढलं की माणूस ते वसूल करायला बघतो. सगळी दालनं हिंडल्याशिवाय पाय निघत नाही. माझ्यासोबतच्या माणसांची ताकद वीस मिनिटांत संपते. कधी दारातच संपते. तिकीट नसल्यामुळे आम्ही एकाच वस्तूपाशी जातो, तिच्यासमोर बसतो आणि परत फिरतो. पुढच्या आठवड्यात पुन्हा तिथेच. शहरातल्या पंडितांनाही एखादं चित्र इतक्या वेळा पाहायला मिळत नसेल.

दुसरं कारण सांगताना माझ्यासमोर एक तिशीतली मुलगी येते. तिला बोलता येत नाही, उभं राहता येत नाही. तिची खुर्ची मागे कललेली असते, त्यामुळे तिची नजर कायम वर. दुकानात नेलं तर तिला ट्यूबलाइट दिसतात. मँचेस्टर म्युझियममध्ये मात्र तिला 'महाराजा' दिसतो. महाराजा हा आपल्याकडचा, आशियाई हत्ती. १८७२ साली एडिनबर्गमध्ये एका फिरत्या प्राणिसंग्रहाचा लिलाव झाला, त्यात बेल व्ह्यू या मँचेस्टरच्या प्राणिसंग्रहालयाने तो विकत घेतला. रेल्वेने आणायचं ठरलं होतं, पण त्याने डब्याची पार मोडतोड केली. शेवटी माहुताला सोबत घेऊन तो एडिनबर्गहून मँचेस्टरपर्यंत चालत आला. वाटेत दहा दिवस गेले. दहा वर्षांनी तो मेला आणि पुढे त्याचा सांगाडा या संग्रहालयात आला. उभ्याने बघणाऱ्याला त्याची कवटी आणि पाय दिसतात. खुर्ची अगदी जवळ नेली की या मुलीला खालून त्याच्या बरगड्या दिसतात, एकामागे एक, वरच्या दिव्यांच्या उजेडात. ती तिथे तोंडाने एक लांब आवाज काढते. तो आवाज तिच्या आईने आणि मी ओळखून ठेवला आहे; घरी तो फक्त पावसाचं पाणी काचेवरून ओघळताना ऐकू येतो. खुर्चीशेजारी मांडी घालून बसून मीही एकदा खालून पाहिलं. जनावर किती मोठं असतं हे मला तेव्हा समजलं.

आणि तिला तिथे नेता येतं ते तिथल्या एका खास स्वच्छतागृहामुळे. अपंगांसाठी म्हणून जी नेहमीची स्वच्छतागृहं असतात त्यांत खुर्ची मावते, दांडे असतात, पण मोठ्या माणसाला आडवं करून कपडे बदलायला जागा नसते. मग दोनच वाटा उरतात. एक तर फरशीवर टॉवेल अंथरून तिथे आडवं करायचं, नाहीतर बाहेर पडायचंच नाही. फरशीवर निजवण्याची वेळ ज्या आईवर आली आहे तिला त्याबद्दल विचारू नये. 'चेंजिंग प्लेसेस' नावाच्या स्वच्छतागृहात मोठ्या माणसाच्या मापाचं बाकडं असतं, उचलायला हॉइस्ट असतो, दोघींना काम करायला पुरेशी मोकळी जागा असते. मँचेस्टर म्युझियमची वाढीव इमारत २०२३ साली उघडली, तेव्हा तिच्यात ही सोय केलेली होती. तेव्हाच तिथे दक्षिण आशियाचं स्वतंत्र दालनही उघडलं; इथल्याच दक्षिण आशियाई कुटुंबांतल्या लोकांनी अभ्यासकांच्या बरोबरीने बसून ते मांडलं आहे. त्याचा मला अभिमान आहे. वर्तमानपत्रांनी त्या दालनावर भरभरून लिहिलं. बाकड्यावर आणि हॉइस्टवर तेवढंच लिहायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं.

माझ्याकडचे दुसरे एक गृहस्थ आयर्लंडहून विशीत इकडे आलेले. जन्मभर रस्ते खोदले. पाण्याचे नळ, गॅसचे नळ, विजेच्या केबली. आता त्यांना स्मृतिभ्रंश आहे. माझं नाव त्यांच्या लक्षात राहत नाही, मुलाचंही क्वचित राहतं. त्यांना घेऊन मी मँचेस्टर आर्ट गॅलरीत एकाच चित्रासमोर बसते. फोर्ड मॅडॉक्स ब्राऊन या चित्रकाराने १८५२ साली ते हाती घेतलं आणि १८६५ साली पुरं केलं. चित्राचं नाव 'वर्क', म्हणजे काम. लंडनच्या हॅम्पस्टेड भागातला भर उन्हातला रस्ता, आणि रस्त्याच्या मधोमध खणणारे मजूर. उजवीकडे कठड्याला टेकून दोन विचारवंत उभे आहेत. त्यांतले एक थॉमस कार्लाइल. मागे घोड्यावरचे श्रीमंत, ज्यांची वाट या खोदकामाने अडली आहे. डावीकडे फाटक्या कपड्यांतला रानफुलं विकणारा. चित्र गच्च भरलेलं आहे, एकदा बघून काही हाती लागत नाही.

आमचे गृहस्थ फक्त फावडी बघतात. पहिल्यांदा तिथे बसलो तेव्हा बराच वेळ गप्प होते. मग हात पुढे आले, एक मूठ वर, एक खाली, आणि त्यांनी मला दाखवलं की खालचा हात दांड्यावर कुठे असला तर कंबर धरत नाही. चित्रातल्या मधल्या तरुणाची उभं राहायची पद्धत त्यांना पसंत आहे. हे सगळं ते दर खेपेला नव्याने सांगतात आणि मी दर खेपेला नव्याने ऐकते, कारण सांगताना त्यांचा आवाज बदलतो. घरात ते विचारल्यावर बोलतात, तेही चाचरत. तिथे ते मुकादमासारखे बोलतात.

त्यांच्या शेजारी बसून बसून माझं लक्ष मात्र चित्राच्या खालच्या बाजूला स्थिरावलं. तिथे अगदी पुढे चार पोरकी मुलं आहेत. तान्ह्याच्या बाहीवर काळी फीत आहे, म्हणजे आई नुकतीच गेलेली. सगळ्यांत मोठी मुलगी असेल दहाएक वर्षांची. अंगात मोठ्या बाईचा उतरलेला झगा, जो तिला कुठेच बसत नाही. धाकटा भाऊ मजुरांच्या हातगाडीशी खेळतोय, म्हणून तिने त्याचे केस धरले आहेत आणि तान्हं तिच्या कडेवर आहे. चित्रकाराने कष्टाचं काम रंगवलं, बुद्धीचं काम रंगवलं, ज्यांना काम करावं लागत नाही त्यांनाही रंगवलं. आणि सगळ्यांच्या पुढ्यात ही मुलगी उभी केली, जी सांभाळण्याचं काम करते. चित्रातली मोठी माणसं आपापल्या उद्योगात आहेत. तान्हं मात्र थेट आपल्याकडे बघतं. त्या चित्रावर विद्वानांनी पुष्कळ लिहिलं आहे. माझं वाचन त्यात कमी पडेल. पण एका हातात एक जीव आणि दुसऱ्या हाताने दुसऱ्याला गाड्याखाली जाऊ न देणं, हे काम काय असतं ते मला रोजचं ठाऊक आहे, आणि 'काम' नावाच्या चित्रात त्याला सगळ्यांत पुढची जागा मिळालेली बघून मला बळ येतं.

कापसाच्या यंत्रांकडे मी स्वतःहून गेले नसते. गिरणगावात वाढलेल्या माणसाला साच्यांचा, म्हणजे मागांचा, आवाज पुन्हा ऐकायची हौस नसते. पण माझ्याकडे ऐंशीच्या पुढच्या एक बाई आहेत, ज्यांनी लँकेशायरच्या विणकाम-खात्यात तरुणपण घालवलं. मनातल्या मनात मी त्यांना आजी म्हणते. त्या मला 'लव्ह' म्हणतात, इथे सगळ्याच म्हाताऱ्या म्हणतात. सायन्स अँड इंडस्ट्री म्युझियममध्ये जुनी यंत्रं चालवून दाखवतात असं त्यांच्या कानावर आलं होतं आणि त्यांनी धोशाच लावला. हे संग्रहालय म्हणजे मँचेस्टर-लिव्हरपूल रेल्वेचं १८३० चं स्टेशन आणि त्याची गोदामं. पिंजणापासून कापडापर्यंतची यंत्रं तिथे मांडलेली आहेत आणि ठरलेल्या वेळी कर्मचारी ती चालवून दाखवतात.

साचा सुरू झाला. लहान मुलांनी कानांवर हात ठेवले. आजी ताठ झाल्या. समोर गर्दीच्या पलीकडे त्यांच्याच वयाची एक अनोळखी बाई उभी होती. या दोघींची नजरानजर झाली आणि त्या बोलायला लागल्या. आवाज न काढता. ओठ खूप ताणून, भुवया आणि हात वापरून. त्या गदारोळात मला माझा शब्द ऐकू येत नव्हता आणि या दोघी खोलीच्या दोन टोकांना उभ्या राहून एकमेकींची गिरणी कुठली, किती साचे सांभाळत होता, हे विचारत होत्या. लँकेशायरच्या विणकर बायकांची ही ओठांची बोली 'मी-मॉ' नावाने ओळखतात. माझे वडील परळला साचेखात्यात होते. घरी आल्यावरही ते आईला 'चहा टाक' असं हातानेच सांगायचे, आणि मोठ्याने बोलू नका म्हटलं की त्यांना कळायचंच नाही आपण मोठ्याने बोलतोय ते. आजींच्या ओठांकडे बघताना मला वडिलांचे हात आठवले.

मग प्रात्यक्षिक दाखवणाऱ्या तरुणाने धोटा, म्हणजे शटल, हातात घेतला. पूर्वी धोट्याच्या भोकातून सूत बाहेर काढायला विणकर तोंड लावून ते ओढून घेत. एका साच्यावरचे धोटे अनेक तोंडांना लागत. त्यातून आजार पसरत, कापसाची धूळ पोटात जात असे. आजींनी स्वतःच्या पुढच्या दातांवर बोट ठेवून दाखवलं.

मी त्यांना घरी परतताना ट्राममध्ये मुंबईची गोष्ट सांगितली. आमच्याकडेही सूत तोंडाने ओलं करावं लागे, धोट्यातून ओढावं लागे. म्हणून साचेखात्यात दलित कामगारांना घेत नसत. त्यांच्या तोंडाला लागलेलं सूत बाकीच्या कामगारांना चालायचं नाही. आणि साचेखात्यात पगार चांगला होता. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला: गिरणी मालकांशी भांडताना आपल्याच बांधवांवरचा हा अन्याय तुम्ही दूर करणार की नाही? माझे आजोबा जन्मभर सूत कातणाऱ्या रिंगखात्यात राबले, साच्यापर्यंत त्यांना जाऊ दिलं नाही. वडील साच्यावर उभे राहिले. आमच्या घरात ही गोष्ट पगारवाढीच्या गोष्टीसारखी कधी सांगितली गेली नाही; ती मानाची गोष्ट होती.

आजींनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुझ्या आजोबांचं सूत कुणी विणायचं?" तेच, मी म्हटलं, त्यांनी कातलेलंच सूत त्या साच्यांवर चढायचं. आजी खिडकीबाहेर बघत राहिल्या आणि म्हणाल्या की आमच्या खात्यातल्या बायका एकमेकींच्या तोंडातला धोटा वापरायच्या आणि त्याने मरायच्याही, पण असं कुणी म्हटल्याचं त्यांना आठवत नाही. हे त्या अभिमानाने नाही म्हणाल्या. त्यांना ते उमजत नव्हतं, आणि जे उमजत नाही ते त्यांनी झटकून टाकलं नाही. त्या दिवशीच्या प्रात्यक्षिकात मुंबईचा विषय नव्हता. पण तो धोटा तिथे ठेवलेला नसता तर आम्हा दोघींमध्ये हे बोलणं झालं नसतं. रोज सकाळी अर्ध्या तासाच्या भेटीत मी त्यांचे पाय पुसते, क्रीम लावते, मोजे चढवते. एकमेकींची माहिती आम्हाला त्या दिवशी झाली.

नाटकाचं वेगळं आहे. तिथे तिकीट लागतं, वेळ पाळावी लागते, आणि अंधारात गप्प बसावं लागतं. माझ्याकडच्या एका ऑटिस्टिक तरुणाला यातलं शेवटचं जमत नाही. त्याच्यासाठी 'रिलॅक्स्ड परफॉर्मन्स' असतात. प्रेक्षागृहातले दिवे पूर्ण मालवत नाहीत, एकदम दचकवणारे आवाज कमी करतात, दारं उघडी असतात, उठून बाहेर जाऊन परत आलं तरी चालतं, आणि मध्येच कुणी बोललं तर वळून कुणी बघत नाही. अनेक नाट्यगृहं सोबत्याच्या तिकिटाचे पैसे घेत नाहीत. आधीच फोटोंसकट एक माहितीपत्रक मिळतं: दार असं आहे, तिकीट इथे दाखवायचं, खुर्ची अशी आहे. आम्ही ते आठवडाभर रोज वाचतो.

रॉयल एक्स्चेंज हे त्याचं आवडतं नाट्यगृह. मूळची ही कापूस-बाजाराची इमारत. कच्च्या कापसाचा सौदा लिव्हरपूलला व्हायचा, सुताचा आणि कापडाचा इथे. १९६८ साली बाजार बंद झाला. शेवटच्या दिवसाचे भाव अजून वरच्या फलकावर तसेच आहेत. १९७६ साली त्या अवाढव्य दालनात पोलाद आणि काचेचं सात बाजूंचं नाट्यगृह उभं केलं. सुमारे दीडशे टनांचा तो भार जमिनीला पेलला नसता, म्हणून इमारतीच्या चार खांबांवरून तो तोललेला आहे. १९९६ साली आयआरए या आयरिश सशस्त्र संघटनेचा बॉम्ब शहरात फुटला तेव्हा इमारतीला तडाखा बसला आणि दुरुस्त होऊन ती १९९८ साली पुन्हा उघडली. आमचा तरुण आधी दालनातून त्या सातही बाजूंना चक्कर मारतो, पोलादी नळ्या मोजतो, आणि आकडा बरोबर आला की आत शिरायला तयार होतो. नाटक त्याला किती कळतं हे मला सांगता येणार नाही. रंगमंच मधोमध असल्यामुळे त्याला समोरच्या बाजूचे प्रेक्षक दिसतात, आणि एका प्रयोगात लोक हसले की तो त्यांचे चेहरे बघून हसत होता. माझे वडील परळच्या दामोदर हॉलमध्ये कामगारांची नाटकं बघायचे. रात्रपाळी करून आलेला माणूस डुलक्या काढायचा, पोरं रडायची, कुणी टाळी देऊन नटाला उत्तर द्यायचं. त्या प्रेक्षागृहात हा तरुण सहज मावला असता.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला बसले ती. माणसांच्या देखभालीचा खर्च कमी करायचा झाला की कुऱ्हाड पहिल्यांदा बाहेर नेण्याच्या तासांवर पडते. अंघोळ हवीच, औषध हवंच. संग्रहालय म्हणजे चैन. मी ज्या एजन्सीत तेव्हा काम करत होते तिथल्या कागदावर आजींच्या त्या वेळेपुढे 'मनोरंजन' एवढंच लिहिलं होतं. आढावा बैठकीत तो तास कापायचं सुचवलं गेलं, तेव्हा मी आधीपासून लिहून ठेवलेली वही पुढे केली. संग्रहालयातून आलेल्या दिवशी त्या किती जेवल्या, रात्री किती वेळा उठल्या, लेकीला फोन स्वतः लावला की मी लावून दिला. इथल्या २०१४ च्या केअर ॲक्टखालच्या नियमांत माणसाच्या गरजा मोजताना ज्या गोष्टी बघायच्या सांगितल्या आहेत, त्यांत जेवण आणि स्वच्छता आहे, तशी नाती टिकवणं आहे, आणि परिसरातल्या सोयींचा, मनोरंजनाच्या जागांचासुद्धा उपयोग करता येणं आहे. समाजसेविका बाईंनी वही शेवटपर्यंत वाचली. त्यांच्याही वर पैसे मोजणारं कुणीतरी बसलेलं असतं हे मला माहीत आहे. तास पूर्ण वाचला नाही. दर आठवड्याचा होता तो पंधरवड्याला एक झाला. पण कागदावरचा 'मनोरंजन' शब्द खोडून तिथे 'गरज' लिहिलं गेलं, आणि त्याची प्रत मी जपून ठेवली आहे, कारण पुढच्या वर्षी पुन्हा बैठक आहे.

माझ्या दोन खेपांच्या मधल्या गुरुवारी आता आजींची लेक त्यांना नेते. तिने आईला साच्यासमोर कधी पाहिलं नव्हतं. पिंजण-यंत्राचा पट्टा सैल आहे, असं आजींचं प्रात्यक्षिक दाखवणाऱ्या त्या तरुणाला सांगणं बाकी आहे. तो पुढच्या खेपेला कुठलं यंत्र चालवणार आहे ते फोन करून विचारून ठेव, असं त्यांनी मला बजावलं आहे.